चोक

लुनियापुऱ्यात इद्रिस उस्तादच्या पत्र्याखाली
सदतीस दिवस उभी होती आमची पिकअप,
बॉनेट काढलेली,
दातांच्या डॉक्टरपुढे आ करून विसरल्यासारखी.

पेट्रोलचं इंजिन दोनदा बोअर झालेलं.
तिसऱ्यांदा करायला सिलिंडरला भिंतच उरली नव्हती.
मल्हारगंजातली तीस वर्षांची लग्नं त्यानं ओढली,
कनाती, दऱ्या, जिलबीच्या कढया,
एकदा छावणीतून एक रुसलेला नवरदेवसुद्धा.
लिटरला पाच किलोमीटर. उतारावर सहा.
टेंट हाउसची वही माझ्याकडे आली तेव्हा
पहिलंच पान वाचून मी म्हटलं, डिझेल.

भाऊ काही बोलले नाहीत.
चष्मा पुसत राहिले, पुसून झाल्यावरही.

मॅटाडोरचं इंजिन देवास नाक्यावर भंगारात मिळालं.
हातगाडीवरून आलं, गोणपाट पांघरून,
आणि मग कळलं,
इंजिन बदलणं म्हणजे नुसतं इंजिन बदलणं नव्हे.
चासीवर त्याचे पाय बसेनात.
खालचं चेंबर पुढच्या एक्सलला टेकायला लागलं.
इंजिन आणि गिअरबॉक्स, दोन गावांचे व्याही,
याची भोकं त्याच्या भोकांसमोर येईनात;
पालद्याच्या लेथवर लोखंडाची जाड चकती कातून
मध्ये बसवली, तेव्हा सोयरीक जमली.
पंखा रेडिएटरला घासत होता.
रेडिएटर दोन बोटं पुढे घेतला
तर जाळी बसेना.
"एक को जगह दो तो दूसरा सरकता है, बेन,"
उस्ताद म्हणाले, वेल्डिंगचा चष्मा कपाळावर,
आणि भेरूला चहाला पिटाळलं.

पहिल्या दिवशी पाइपात हवा.
भेरू हातपंप दाबत बसला,
नटाच्या कडेनं फेस, फेस, फेस,
मग एकदम स्वच्छ पिवळी धार.
गाडी अंगभर हलली. काळा धूर
शेजारच्या गादीवाल्याच्या कापसावर गेला
आणि त्याच्या शिव्या
नव्या आवाजात कोणालाच ऐकू आल्या नाहीत.

आरटीओत कारकुनानं "पेट्रोल"वर एक रेघ मारली.
बाजूला लिहिलं, डीजल. सही, शिक्का.
एवढंच.

राहिली चोकची मूठ.
डिझेलला चोक नसतो.
पण बंद करायला एक तार ओढावी लागते, पंपाचं पाणी तोडणारी,
आणि डॅशबोर्डला नवं भोक पाडणं उस्तादच्या जिवावर आलं.
त्यांनी तीच मूठ,
भाऊंच्या अंगठ्यानं गुळगुळीत झालेली,
पंपाच्या दांडीला जोडून दिली.
जिला ओढून ती थंडीत जागी व्हायची
तिलाच ओढून आता निजते.
मला सांगितलं होतं त्यांनी. मी भाऊंना सांगायचं राहिलं.
राहिलं, असं मी म्हणते.

डिसेंबरात खजराण्याच्या ऑर्डरला
भाऊ म्हणाले, मी नेतो.
पहाटे सव्वापाच. मी गॅलरीत, शाल घेऊन.
ते बसले, मफलर नीट केला,
आणि न बघता हात गेला त्या मुठीकडे,
दोन बोटं बाहेर, बरोबर दोन बोटं.
चावी. स्टार्टर फिरला. फिरतच राहिला.
पुन्हा. बॅटरीचा आवाज बसत चालला.
वरून एक हाक पुरली असती.
ते उतरले, बॉनेट उघडून
मोबाइलच्या उजेडात उभे राहिले,
परक्याच्या घरात चुकून शिरल्यासारखे.
मग मान वर न करता विचारलं,
"ओढली की जीव जातो का हिचा?"
"हो."

मूठ आत. हीटर लावून त्यांनी वीस मोजले,
मोठ्यानं, शाळेतल्यासारखे.
बॅटरीत होतं नव्हतं ते गोळा करून गाडी धडधडली,
गल्लीतली कुत्री उठली.
कान देऊन ऐकलं त्यांनी. मूठ ओढली. शांत.
पुन्हा चालू केली.
पुन्हा ओढली.
तिसऱ्या वेळी रिव्हर्स घेतला,
कढया आपटल्या एकमेकींवर,
वळणापर्यंत दिवे लावायचे विसरले.